कोकरांची हगवण : दिसणारा जंत आणि न दिसणारा
(टोकावडे येथील व्याख्यानाचा मजकूर)



दिवाळीनंतर भाताची कापणी उरकली की माळशेज घाट उतरून धनगर बांधवांचे कळप आपल्या मुरबाड तालुक्यात येतात. शेतकरी रात्री मेंढरे खाचरात बसवून घेतो आणि त्याला आयते खत मिळते. बसण्याची जागा बदलत असल्याने मोठ्या मेंढ्या जंतांपासून बऱ्याच बचावतात; कारण लेंडीतील अंड्यापासून बाधक अळी तयार होण्यास चार-पाच दिवस तरी लागतात. कोकरांचे मात्र तसे नाही. आया चरावयास गेल्या की ती तळावरच जाळीत कोंडलेली असतात. तळ आठवडाभर हलला नाही आणि जमीन ओलसर राहिली, की तेथेच दुखणे सुरू होते.

महिना-दीड महिन्याचे कोकरू हगू लागते, शेपटी लडबडते, लोकर विस्कटते. मालक म्हणतो, जंत झाले. लेंडीत शिजल्या तांदळासारखे पांढरे तुकडे दिसले की त्याची खात्रीच पटते. हे तुकडे पट्टकृमीचे असतात आणि तो कृमी सहसा तितकासा घातक नसतो. खरा अपराधी पुष्कळदा डोळ्यांना दिसतच नाही. तो म्हणजे कॉक्सिडिया हा एकपेशीय परजीवी. आतड्याच्या अस्तरातील पेशींत शिरून तो त्या फोडतो; म्हणून हगवणीत कधी रक्तही पडते. नेहमीचे जंतनाशक त्यावर चालत नाही. मालक एकदा औषध पाजतो, वाट पाहतो, पुन्हा पाजतो. तोवर कोकरू हातचे जाते.

मी कलाशाखेचा पदवीधर. 'जंताचे औषध पाजा' एवढीच घोषणा मीही पूर्वी भिंतींवर लिहवून घेतली आहे! ती अपुरी होती.

निरोगी मेंढ्यांच्या लेंडीतही हे परजीवी थोडेफार असतात आणि अल्प संसर्गातून कोकरांना प्रतिकारशक्तीही येते. त्यामुळे केवळ परजीवी आढळले म्हणून रोग ठरत नाही. त्यांचे प्रमाण आणि कोकराची अवस्था पाहून पशुवैद्यकच औषध ठरवितात. त्यासाठी चार-पाच कोकरांची ताजी लेंडी वेगवेगळ्या पुड्यांत बांधून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचली पाहिजे.

अडचण एवढीच की कळप फिरता असतो. तपासणीचा निकाल येईतो तो पुढच्या गावी गेलेला असतो. तेव्हा ज्याच्या खाचरात मेंढरे बसली असतील त्याने नमुना पोचता करावा, आणि गुरुजींनी पुडीवर मालकाचे नाव व पुढचा मुक्काम तेवढा लिहून द्यावा.