वाइनची द्राक्षं लावावीत का? आमच्या गटानं पाहून काय ठरवलं

आम्ही कर्जत तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. आज आम्ही वाइनबद्दल बोलणार आहोत. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका, आधी पूर्ण ऐका.

आमच्या गावातल्या बायकांनी काही वर्षांपूर्वी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या, मतदान घ्यायला लावलं आणि दारूच्या दुकानाची बाटली आडवी केली. त्याच गावात यंदा एक जण येऊन सांगून गेला, वाइनची द्राक्षं लावा, फायद्यात राहाल. दोन-तीन घरांतल्या मंडळींना ते पटलंही. आता द्राक्षबाग म्हणजे मांडव आला, ठिबक आलं, रोपं आली. एकरी काही लाखांचा खर्च. कर्ज काढलं तर ते फेडताना घरातल्या बाईचीही ओढाताण होणार. म्हणून गटाच्या बैठकीत ठरलं, ऐकीव गोष्टींवर जायचं नाही, बघून यायचं.

राशीन, भिगवण, इंदापूर करत आम्ही नीरा ओलांडली आणि अकलूजला पोचलो. तिथून पुढे माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला फ्रातेली नावाची वाइनची बाग आणि कारखाना आहे. फ्रातेली हा इटलीच्या भाषेतला शब्द, अर्थ 'भाऊ'. भावांच्या तीन जोड्यांनी मिळून हा धंदा उभा केला. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. वाइन बनवण्याचं काम इटलीतल्या टस्कनी भागाचे जाणकार पिएरो मासी यांनी हाती घेतलं. तिकडचंच सांजोवेझे नावाचं द्राक्ष त्यांनी आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या माळावर लावलं.

आम्ही गेलो ते फेब्रुवारीत, तोडणीच्या दिवसांत. वेल पाहिले आणि पहिला फरक लक्षात आला. आपल्याकडे थॉमसनचा किंवा सोनाकाचा घड कसा मोठा, मणी लांबट आणि बिनबियांचा. वाइनचं द्राक्ष बारीक, गोल, जाड सालीचं आणि बियांचं. खाल्लं तर गोड खूप, पण तोंडात सालच जास्त येते. छाटणी आपल्यासारखीच दोनदा, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. डावणी आणि भुरीची भीतीही तीच. पण वेलावर माल मात्र मुद्दाम कमी ठेवतात. घड जास्त झाले की रस पातळ होतो, साखर भरत नाही. म्हणजे इथं नुसत्या टनावर हिशेब करून चालत नाही.

तोडणी पहाटेच्या गारव्यात करतात, कारण ऊन लागलं की माल तापतो आणि चव बिघडते. पुढे पांढरी वाइन करायची असेल तर द्राक्षं लगेच दाबून रस वेगळा काढतात. लाल वाइनला मात्र रस सालींसकट आंबवतात. रंग सालीतून येतो, तुरटपणाही सालीतून आणि बियांतून येतो. इडलीचं पीठ आंबतं तसंच हे, फक्त इथं यीस्ट रसातली साखर खातं आणि तिची अल्कोहोल करतं. स्टीलच्या मोठ्या टाक्या थंड ठेवलेल्या असतात. काही लाल वाइन मग ओक लाकडाच्या पिंपांत महिनोन्‌महिने मुरते. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. हा आकडा ऐकून आमच्यातली प्रत्येक बाई मनात बाटलीची किंमत आणि घडाची किंमत यांचा हिशेब करू लागली.

दुपारी जेवण होतं. इटलीत वाइन जेवणाबरोबर घोट-घोट घेतात, म्हणून चाखणंही ताटावरच. पाव, चीज आणि टोमॅटोच्या रश्श्यातला पास्ता. आमच्यातल्या तिघी माळकरी, त्यांनी पेल्याला हात लावला नाही. काहींनी नुसता वास घेतला, चौघींनी चाखली. कुणी कुणाला आग्रह केला नाही आणि कुणी कुणाला नावंही ठेवली नाहीत. चाखायची रीत अशी की पेल्यात बोटभरच वाइन घ्यायची, पेला गोल फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा. हवं तर थुंकून टाकायचा, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. सोविनॉन ब्लाँ नावाच्या पांढऱ्या वाइनला एका काकूंना पिकल्या पेरूचा वास आला, दुसरीला ढोबळी मिरचीचा. जाणकार म्हणाले, दोन्ही बरोबर. मग लाल आली, सेत्ते नावाची. सेत्ते म्हणजे सात. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी धरते, तशी ती धरते. मोहाची, ताडीची, गावठीची ओळख असलेल्या नाकाला हा वास वेगळाच वाटला.

पण मैत्रिणींनो, वास वेगळा म्हणून ती दारू नव्हे असं नाही. 27 जानेवारी 2022 ला राज्य सरकारनं मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असं पुष्कळ बोललं गेलं. आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि सरकारला लोकांच्या हरकती मागवाव्या लागल्या. आम्ही घरी येऊन साधा गुणाकार केला. 750 मिलीच्या बाटलीत 12 टक्के अल्कोहोल धरली तर ती 90 मिली होते. व्हिस्कीच्या 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण 77 मिली असते. म्हणजे ज्यानं अख्खी बाटली संपवली, त्यानं क्वार्टरपेक्षा जास्तच घेतली. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2023 मध्ये सांगितलंय की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण तब्येतीला निर्धोक नाही.

आता धंद्याचं बोलू. 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, नाशिककडे विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क झाले. शेतकऱ्यांनी हौसेनं बागा लावल्या. मग 2008 च्या मंदीनंतर वाइनचा खप पडला, माल उचलला जाईना, पैसे थकले. कित्येकांनी वेल उपटले. खायचं द्राक्ष एका व्यापाऱ्यानं नाकारलं तर दुसरा घेतो, नाहीतर बेदाणा करता येतो. वाइनचं द्राक्ष वायनरीनं नाकारलं तर बाजारात ते कोण विचारणार? म्हणून या पिकात जमीन आणि पाणी यांच्याइतकाच करार महत्त्वाचा.

आमच्या गटानं काय ठरवलं ते सांगतो. लेखी करार हातात पडल्याशिवाय लागणीचा एक खड्डाही घ्यायचा नाही. करार मराठीत हवा, किती वर्षांचा ते त्यात हवं, आणि त्याची प्रत घरात हवी. दर कशावर ठरणार, साखर कोण मोजणार, मोजताना आपलं माणूस उभं राहणार का? पैसे किती दिवसांत? वायनरीनं माल नाही उचलला तर भरपाई काय? आणि करारावर, बँकेच्या खात्यावर घरातल्या बाईचं नाव असणार का? हे प्रश्न लिहून आम्ही त्या माणसाकडे दिलेत. उत्तरं आलेली नाहीत. तिन्ही घरांनी यंदा लागण थांबवली आहे.

दुसरी गोष्ट. बाग कुणी लावली तर गटाची आडकाठी नाही, पण आमच्या गावात वाइनचं दुकान कुठल्याही नावानं येऊ द्यायचं नाही. यावर मात्र आमच्यात एकमत नाही. दोघी जणी म्हणतात, आपल्या गावात जे नको, ते पिकवून दुसऱ्याच्या गावात कसं धाडायचं? बाकीच्या म्हणतात, उसाच्या मळीपासूनही दारू होते, म्हणून आपण ऊस सोडला का? हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो बैठकीत उघड चालतो हे आम्हाला बरं वाटतं.

तुमच्याकडेही असा कुणी नव्या पिकाची गोष्ट घेऊन आला, तर गटानं मिळून एकदा बघून या. जाताना वही न्या, आणि परत आल्यावर हिशेब सगळ्यांसमोर मांडा. तुमच्या बैठकीत काय ठरलं ते आम्हाला कळवा.