तहान मारून जगू नका
(वसईत तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विरार ते चर्चगेट हे अंतर साधारण साठ किलोमीटर. एवढ्या गर्दीत लघवीला कुठे जाणार, म्हणून सकाळी घरातून निघताना मुद्दाम पाणी न पिणारे इथे किती आहेत? बहिणींना तर ही सवय शाळेपासूनच लागलेली असते. मग दिवसभर तहान भागवायला कटिंग चहा आणि टपरीवरची थंड बाटली. आज मला या सवयीबद्दल बोलायचं आहे, कारण तिचा भार आपल्या मूत्रपिंडांवर पडतो.

आपली दोन मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग शरीरात परत जातो आणि दीड-दोन लिटर लघवी बनून बाहेर पडतो. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, तिच्यातले क्षार एकमेकांना चिकटतात आणि खडा तयार होतो. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्गही होऊ शकतो. एकदा खडा झालेल्यांना डॉक्टर सांगतात की दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. इतरांसाठी सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय.

आता पेयांकडे वळू. चहा काही विष नाही, त्यातलं पाणीही शरीराला मिळतं. पण दिवसाला सहा कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे झाले. कोलाच्या 300 मिलिलिटरच्या बाटलीत 30 ग्रॅमहून अधिक साखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की अशी वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवा, शक्यतो 25 ग्रॅमच्या आत. म्हणजे एका बाटलीतच 25 ग्रॅमची मर्यादा ओलांडली. साखरेमुळे वजन वाढतं, पुढे मधुमेह होतो. आणि मूत्रपिंड निकामी होण्याची सर्वांत मोठी दोन कारणं म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. गोड थंड पेयं रोज पिणाऱ्यांमध्ये खड्यांचं प्रमाण जास्त असल्याचंही अभ्यासांत दिसलं आहे. एनर्जी ड्रिंकच्या 250 मिलिलिटरमध्ये साधारण 75 मिलिग्रॅम कॅफिन असतं. ते मुलांसाठी नाही, असं डब्यावरच छापलेलं असतं. तरी शाळेबाहेर ते कोण पितंय, हे आपण पाहतो.

त्यापेक्षा साधं पाणी प्या, ताक प्या, लिंबूपाणी प्या. लिंबातलं सायट्रेट खडा रोखायला मदत करतं. मात्र त्यात साखर-मीठ बेताचंच घाला. बोअरवेलच्या जड पाण्यानेच खडा होतो असं अनेकांना वाटतं, पण तसा ठाम पुरावा नाही. पाणी कमी पिणं हे मात्र पक्कं कारण आहे.

उन्हात किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये उसाच्या शेतात राबणारे हजारो तरुण मधुमेह नसतानाही मूत्रपिंडाच्या आजाराने गेले. उष्णता आणि पाण्याची कमतरता ही त्यामागची प्रमुख संशयित कारणं आहेत. वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत, बेकरीच्या भट्टीसमोर आपलीच मुलं उभी असतात. त्यात अंगदुखीसाठी मनानेच आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्या घेतल्या जातात. शरीर कोरडं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला थेट इजा करू शकतात.

रमजानमध्ये निरोगी माणसाने इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडं थोडं पाणी पीत राहावं. सगळी तहान गोड सरबतावर भागवू नये. खाण्यापिण्यात अतिरेक नको, ही कुरआनची शिकवण आहे, आणि आजारी माणसाला रोज्यातून सवलतही कुरआननेच दिली आहे. म्हणून मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: ज्यांची मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना पाणी मोजूनच प्यावं लागतं. शहाळ्यातलं पोटॅशियमही त्यांना धोक्याचं ठरू शकतं. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला त्यांना देऊ नका.

हा आजार बराच काळ गप्प राहतो. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडून घेण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

आता शेवटचा मुद्दा. पाणी पिणं ही आपली सवय, पण पाणी मिळणं आणि स्वच्छ मुतारी मिळणं ही समाजाने करायची सोय आहे. सूर्या धरणाच्या 403 दशलक्ष लिटरच्या योजनेत वसई-विरारच्या वाट्याला 185 दशलक्ष लिटर पाणी आहे. ते आपल्या चाळीपर्यंत किती पोहोचतं, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. कारखान्यात पिण्याचं पाणी आणि शौचालय देणं ही मालकाची जबाबदारी 1948 च्या कायद्यानेच ठरवली. मुंबईत 2011 मध्ये बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम उभी केली आणि मोफत, स्वच्छ मुताऱ्या मागितल्या. नालासोपाऱ्यात, नायगावात आपण तेच का मागू नये?

मोहर्रममध्ये आपण सबील लावतो. तहानलेल्याला पाणी पाजणं ही मोठी सदका आहे. यंदा एप्रिल-मेच्या उन्हात स्टेशनबाहेर, रिक्षा स्टँडजवळ साध्या पाण्याची सबील लावू या. येणारा कोण, कुठल्या धर्माचा, हे न विचारता. आणि त्याच टेबलावर स्टेशनवरच्या मुताऱ्यांसाठीच्या अर्जावर सह्या घेऊ या.