खबऱ्या आणि त्याचे राखणदार

(मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘द डिपार्टेड’ हा २००६ सालचा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात जॅक निकल्सनने रंगवलेला टोळीप्रमुख ज्याच्यावरून बेतला, तो बॉस्टनचा जेम्स ऊर्फ ‘व्हायटी’ बल्जर. आज मी त्याच्या शहराबद्दल बोलणार आहे. बल्जर किती क्रूर होता हे सिनेमात दिसतेच. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न : तो इतकी वर्षे टिकला कसा?

१९७० च्या दशकात बॉस्टनमध्ये दोन सत्ताकेंद्रे होती. नॉर्थ एंड भागात जेनारो अँजुलोची इटालियन माफिया, आणि सॉमरव्हिलची, मुख्यतः आयरिश, विंटर हिल टोळी. सट्टा, सावकारी, खंडणी हे दोघांचे धंदे. एफबीआयला मात्र माफिया मोडायची होती. म्हणून १९७५ साली जॉन कॉनली या एजंटने विंटर हिलच्या बल्जरला खबऱ्या केले. दोघेही साउथ बॉस्टनच्या एकाच वस्तीत वाढलेले. बल्जरचा धाकटा भाऊ पुढे १९७८ ते १९९६ राज्याच्या सिनेटचा अध्यक्ष होता.

१९८१ साली एफबीआयने प्रिन्स स्ट्रीटवरच्या अँजुलोच्या अड्ड्यात चोरून मायक्रोफोन बसवले. १९८६ मध्ये त्याला ४५ वर्षांची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांत मथळे, एजंटांना शाबासकी. पण रिकामी झालेली जागा बल्जरला मिळाली!

मे १९८२ मध्ये ब्रायन हॅलोरन नावाचा एक गुंड बल्जरविरुद्ध एफबीआयला माहिती देत होता. ती बातमी कॉनलीकरवी बल्जरपर्यंत पोचली. बॉस्टनच्या बंदरकाठी हॅलोरनला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्याबरोबर मायकेल डोनाह्यूही मेला. त्याचा अपराध एवढाच, की तो हॅलोरनला गाडीतून घरी सोडत होता. आज त्या परिसरात बायोटेक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. आपल्यातले काही जण तिथे नोकरीला जातात. दोन्ही कुटुंबांनी सरकारवर दावा केला, भरपाई मंजूरही झाली. पण २०११ मध्ये अपिलात ती रद्द झाली. कारण काय, तर दावा दाखल करायला उशीर झाला!

हा एका एजंटचा अपवाद होता का? मुळीच नाही. १९६५ साली एडवर्ड डीगन नावाच्या माणसाचा खून झाला. जोसेफ बार्बोझा या साक्षीदाराच्या शब्दावर १९६८ मध्ये चार निरपराध माणसांना दोषी ठरवले गेले. साक्ष खोटी आहे हे एफबीआयला माहीत होते. आपले खबरे वाचावेत म्हणून ते गप्प राहिले. चौघांपैकी टॅमेलिओ आणि ग्रेको तुरुंगातच वारले. लिमोन आणि साल्वाती सुमारे तीन दशकांनी बाहेर आले. २००७ साली न्यायाधीश नॅन्सी गर्टनर यांनी सरकारला १० कोटी १७ लाख डॉलर भरायला लावले. हे पैसे अर्थातच करदात्यांचे, म्हणजे तुमचे-माझे.

मी संशोधक आहे, म्हणून मला या प्रकरणाची रचना ओळखीची वाटते. माहिती मिळवणारा, नोंदवणारा आणि तिची किंमत ठरवणारा माणूस एकच असेल, तर निष्कर्ष काय निघणार? इतरांकडून आलेली माहिती बल्जरच्या खात्यावर चढवली जात होती, असे पुढे साक्षींतून दिसले. प्रयोगशाळेत याला आपण सरळ लबाडी म्हणतो. बरे, नियम नव्हते असेही नाही. खबऱ्यांबाबतची मार्गदर्शक तत्त्वे १९७६ पासून होती. पण ती पाळली की नाही हे तपासणारे बाहेरचे कोणी नव्हते.

मग हे उघडकीला कोणी आणले? ‘बॉस्टन ग्लोब’च्या पत्रकारांनी १९८८ मध्येच शंका जाहीरपणे मांडली होती. आणि न्यायाधीश मार्क वुल्फ यांनी गुप्ततेची सबब न मानता एजंटांना साक्षीला उभे केले. १९९९ चे त्यांचे निकालपत्र ६६१ पानांचे आहे. कॉनलीला २००२ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये दोषी ठरवले गेले. त्याच्याच इशाऱ्यावरून १९९४ च्या अखेरीस पळालेला बल्जर २०११ मध्ये सँटा मोनिकात सापडला. २०१३ मध्ये ११ खुनांतला त्याचा सहभाग सिद्ध झाला, आणि २०१८ साली तुरुंगात त्याचाच खून झाला.

‘गुंडांशी लढताना पोलिसांचे हात बांधू नका,’ असे आपल्या पार्ट्यांमध्ये सुशिक्षित माणसे सहज बोलून जातात. बॉस्टनमध्ये ते हात वीस वर्षे मोकळे होते. त्याची किंमत डोनाह्यू आणि साल्वाती यांच्यासारख्यांच्या घरांनी मोजली. तेव्हा चर्चेसाठी एक प्रश्न ठेवते : आपल्या सुरक्षिततेसाठी जे गुप्तपणे चालते, ते तपासण्याचा अधिकार कोणाकडे असावा, आणि त्यासाठी आपण नागरिक म्हणून काय मागणार आहोत?