चार पर्यायांत न मावणारा प्रश्न



करोनाच्या साथीतही अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला आणि संगणकावरच्या बहुपर्यायी प्रश्नपत्रिका काढताना आपली, मराठीच्या प्राध्यापकांची, धावपळ उडाली. माझ्या वाट्याला कादंबरीचा पेपर आला. ‘कोसला’ नेमलेली होती. पहिला प्रश्न काढला : ही कादंबरी कोणत्या साली प्रसिद्ध झाली? चार साले दिली, त्यांत १९६३ होते. दुसरा : नायकाचे नाव काय? तिसऱ्यापाशी अडलो. पांडुरंग सांगवीकर पुणे सोडून गावी का परततो, हे मी वर्गात वर्षानुवर्षे विचारत आलोय आणि दर वर्षी नवे उत्तर ऐकत आलोय. त्याचे चार पर्याय करून पाहिले. आधी चारही बरोबर वाटले, मग चारही चूक. शेवटी तो प्रश्नच गाळला. संगणकाने मला तसे सांगितले नव्हते. मीच गाळला.

नेटवर्कसाठी टेकडीवर चढलेली मुले, मध्येच गेलेली वीज, हे सगळे खरेच आहे. पण त्यावर पैसा आणि मनुष्यबळ हा उपाय आहे. गाळलेल्या प्रश्नावर तो चालत नाही.

अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई मेन आणि आपल्या राज्याची सीईटी या परीक्षा २०१९ पासून पूर्णपणे संगणकावर गेल्या. त्या निभावल्या, कारण कागदावरही तिथे गोलच काळे करायचे होते. पेन गेले, माउस आला. आपल्या उत्तरपत्रिकेचे तसे नाही. तिला पुरवण्या लागतात.

मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये लेखन कागदावरच ठेवले आणि तपासणी तेवढी पडद्यावर नेली. कल्पना वाईट नव्हती. बेरीज चुकत नाही, गठ्ठे वाहावे लागत नाहीत. पण ती घाईने आणली, निकाल रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. हातात लाल पेन घेऊन आयुष्य काढलेल्या माणसाला पडद्यावर उत्तर वाचायला सराव लागतो, एवढी साधी गोष्ट कोणी हिशेबात धरली नव्हती.

उद्या दीर्घोत्तरेही संगणकावर लिहायची ठरली तर? आपली मुले मोबाइलवर मराठी लिहितात, पण पुष्कळदा रोमन अक्षरांतून. ‘ऱ्हस्व’मधला ‘ऱ्ह’ कळफलकावर शोधण्यात ज्याची मिनिटे जातील, त्याचे गुण आपण कशाचे कापणार, साहित्याचे की टंकलेखनाचे? पहिल्या वर्षापासून इनस्क्रिप्टचा सराव दिल्याशिवाय अशी परीक्षा घेणे हा सरळ अन्याय आहे. माझा ऑनलाइन परीक्षेला विरोध नाही. आपल्या सोयीचे प्रश्न विचारून तंत्रज्ञानाला बोल लावण्याला आहे.

तुमच्या फायलीत एक कोरा कागद ठेवलाय. दुपारच्या सत्राआधी त्यावर एकच प्रश्न लिहून द्या : संगणकावर विचारता येईल, पण चार पर्यायांत मावणार नाही असा. नाव घातले नाही तरी चालेल.