भोक बुजवलं की लपवलं?

आज बोलूया सरफेस मॉडेलमधल्या भोकांबद्दल. सुरुवात माझ्याच चुकीपासून.

राइनोमध्ये मी एका बाटलीचं मॉडेल केलं. खांद्यापाशी दोन सरफेसमध्ये ०.०५ मिमीची फट राहिली. टॉलरन्स होता ०.००१ मिमी, त्यामुळे 'जॉइन' होईना. मी वैतागून 'जॉइनएज' मारलं. झालं, मॉडेल बंद! स्टेप फाइल साचेवाल्यांकडे गेली आणि संध्याकाळी फोन, "अहो, तुमची बाटली उघडी आहे."

कारण 'जॉइनएज' कडा जागची हलवत नाही. ती नुसती जोडलेली मानते. फट तिथेच असते, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उघडी पडते.

मग करायचं काय? आधी 'शोएजेस' चालवून नेकेड एजेस बघा. म्हणजे जिला शेजारी नाही अशी कड. भोक सपाट असेल तर 'कॅप' पुरतं. वळणदार असेल तर 'पॅच'. पण फट सरफेस चुकल्यामुळे पडली असेल, तर तो सरफेस सरळ काढून टाका आणि शेजारच्या कडांवरून नवा बांधा. मी शेवटी तेच केलं. वीस मिनिटं लागली.

ती आधीच दिली असती, तर तो फोन आला नसता. भेटूया पुढच्या भागात!