परवाना बंदुकीचा आणि परवाना मुकादमाचा

(मांजरसुंबा येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



धुळे-सोलापूर महामार्ग आणि जामखेड-पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईस जाणारा रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, त्या चौकात शस्त्रकायद्याचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये. हा महामार्ग उत्तरेस सेंधव्याकडून मध्य प्रदेशातून महाराष्ट्रात उतरतो आणि दक्षिणेस सोलापूर ओलांडून विजयपूरकडे कर्नाटकात जातो. दोन राज्यसीमांना जोडणाऱ्या या रस्त्यावरून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या जातात. कोणी सातारा, सांगली, कोल्हापुरास, तर कोणी सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटकडे. त्यांच्या बोचक्यांत कोयते असतात. याच रस्त्यावरून कमरेला पिस्तूल लावलेली माणसेही काचा चढवलेल्या मोटारींतून जातात. सीमेवर कोणाला अडवले जाते आणि कोणाला सलाम मिळतो, हा आजचा प्रश्न आहे.

आरंभी कायदा पाहू. शस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय आपल्या राज्यघटनेने केंद्रसूचीत टाकला. १९५९ चा शस्त्र अधिनियम संपूर्ण देशाला एकच आहे. त्याच्या व्याख्येत बंदुकीबरोबर धारदार हत्यारेही येतात. परंतु केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगाकरिता बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे ऊस तोडणाऱ्याचा कोयता हे कायद्याच्या दृष्टीने शस्त्र नव्हे, ते अवजार आहे. ही गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावी, कारण रात्री दोन वाजता एखाद्या नाक्यावर टोळीची गाडी थांबवून कोयत्यांवरून दरडावले गेले, तर तिथे वकील उपलब्ध नसतो.

अमेरिकेतील परिस्थिती याच्या उलट आहे. तिथे प्रत्येक राज्याचा बंदूक-कायदा निराळा. निम्म्याहून अधिक राज्यांत प्रौढ माणसाला परवान्यावाचून पिस्तूल बाळगून हिंडता येते, तर न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कमध्ये तेच पिस्तूल त्याला तुरुंगात नेऊ शकते. १९८६ साली तेथील काँग्रेसने प्रवाशांपुरती वाट काढली: बंदूक रिकामी असावी, हाताशी नसावी, आणि जिथून निघाला व जिथे पोहोचणार त्या दोन्ही ठिकाणी ती बाळगणे कायदेशीर असावे, मग मधल्या राज्यातून जाता येईल. तरीही त्या वाटेवर लोक पकडले जातात आणि खटले चालतात. न्यू जर्सीत हजारो मराठी कुटुंबे राहतात, त्यांना हा गोंधळ परिचयाचा आहे. बंदूक हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला की एका राष्ट्राच्या पोटात किती सीमा उभ्या राहतात, याचे हे उदाहरण होय.

आपल्याकडेही हा हक्क मागितला गेला होता, हे आज पुष्कळांना ठाऊक नसते. १८७८ चा लिटनचा शस्त्रकायदा हिंदी माणसाला निःशस्त्र करीत होता आणि युरोपियनांना सवलत देत होता. त्या अपमानाची प्रतिक्रिया म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी, जे नंतर प्रजासमाजवादी पक्षाचे खासदार झाले, तो हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. फाळणीच्या रक्तपातातून देश नुकताच बाहेर पडत होता, हे लक्षात घेता बाबासाहेबांचा निर्णयच शहाणपणाचा होता, असे म्हणणे भाग आहे.

बीड जिल्ह्याला तर वेगवेगळ्या कायद्यांच्या सीमेचा अनुभव प्रत्यक्षच आहे. १९४८ पर्यंत आष्टी-पाटोदा निजामाच्या राज्यात आणि लगतचे जामखेड मुंबई इलाख्यात. १८७८ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. रेषेच्या अलीकडे हैदराबादचे फर्मान. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतर तर एका बाजूस रझाकारांच्या हाती बंदुका, सिडनी कॉटनची विमाने रात्री कराचीहून हैदराबाद संस्थानात शस्त्रे उतरवीत होती, आणि दुसऱ्या बाजूस स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरील छावण्या. त्या काळात सीमा ओलांडणाऱ्या बंदुकीला परवाना कोणी विचारला नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने ती रेषा पुसली. मात्र शस्त्र हे सत्तेचे चिन्ह आहे, ही सरंजामी समजूत पुसली गेली नाही.

आता आजच्या व्यवहाराकडे वळू. कायदा एक असला तरी परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते: जिल्हा, राज्य किंवा अखिल भारत. अखिल भारतीय क्षेत्र मंत्री, खासदार, सैन्यदलातील माणसे, ठरावीक अधिकारी, नामांकित नेमबाज अशा मर्यादित वर्गांसाठी ठेवलेले आहे. इतरांनी क्षेत्राबाहेर शस्त्र नेले तर तो गुन्हा. केवळ प्रवासापुरता परवाना घेण्याची सोयही नियमांत आहे. कागदावर ही रचना निर्दोष दिसते. परंतु परवाना देणारा हात प्रत्येक जिल्ह्यात निराळा आहे, आणि खरे अंतर तेथे पडते. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिल्या गेलेल्या दोन लाख ७८ हजार परवान्यांची चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाने केली. अनेक परवाने त्या राज्याशी संबंध नसलेल्या बाहेरच्या लोकांना पैसे घेऊन दिल्याचा आरोप आहे. एका दूरच्या जिल्ह्यातील शिक्का विकत घ्यायचा आणि तो देशभर मिरवायचा, अशी ही बाजारपेठ. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर राज्यसंस्थेने जी वस्तू दुर्मीळ ठेवली, तिची दुर्मिळता विकणारा दलाल निर्माण झाला.

बीडबद्दल बोलायला तर कोणी बाहेरून येण्याची गरज नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगच्या सरपंचांचे अपहरण करून मारहाणीत त्यांची हत्या झाली. मस्साजोग इथून केजच्या रस्त्यावर आहे. खटल्याच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण त्या हत्येनंतर महाराष्ट्राला कळले की या एकाच जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्रपरवाने आहेत, आणि हवेत गोळ्या झाडणाऱ्यांची चित्रे फिरू लागली, तेव्हा प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. हवेत गोळीबार करून जल्लोष करणे हा २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा झाला आहे. मग परवाने देताना जिवाला धोका कोणाच्या होता, हे कोणी तपासले? अवर्षणाच्या या मुलखात, जिथे बहुसंख्यांच्या घरी पुढच्या पावसापर्यंतचे धान्य नसते, तिथे कोणाला जिवाची इतकी भीती वाटते, आणि कोणापासून? ज्याच्याजवळ वाळूचा ठेका, पवनचक्क्यांची कंत्राटे किंवा राखेची वाहतूक आहे, त्याला ती भीती वाटते असे दिसते. ठेकेदारीच्या मागे पिस्तूल येते. (निवडणुकीत परवानाधारकांची शस्त्रे पोलिसांकडे जमा होतात, मतदान झाले की ती परत मिळतात. लोकशाहीला या शस्त्रांचा धोका फक्त त्या महिन्यापुरता असतो, असे शासनाचे मत असावे.)

परवान्यावाचून येणाऱ्या शस्त्रांची कथा वेगळी. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात बडवानी जिल्ह्यातील उमर्टी गाव आहे. तिथल्या शिकलगर वस्तीत गावठी पिस्तुले बनतात आणि सीमा ओलांडून महाराष्ट्रभर पसरतात, हे पोलिसांच्या वारंवारच्या कारवायांतून सर्वज्ञात आहे. शिकलगर ही पिढ्यान्‌पिढ्या हत्यारे घडवणाऱ्या कारागिरांची जमात. राजेरजवाडे गेले, हत्यारांचे गिऱ्हाईक गेले, आणि दुसरे काम कोणी दिले नाही. पकडला जातो तो पिशवीत माल नेणारा बेकार तरुण. मागणी करणारा क्वचितच सापडतो. सीमेच्या दोन बाजूंचे पोलीस एकमेकांची हद्द सांगत राहतात. धाडी घालून कारागिराची भट्टी विझेल, मागणी विझणार नाही.

आता दुसऱ्या परवान्याकडे या. १९७९ साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. पाच किंवा अधिक कामगार दुसऱ्या राज्यात नेणाऱ्या कंत्राटदाराला त्या कायद्याने परवाना घेणे बंधनकारक होते. प्रत्येक कामगाराला छायाचित्रासह पासबुक द्यायचे, त्यात मजुरीचा दर आणि उचल लिहायची. शिवाय महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांपैकी जे जास्त असेल तेवढा विस्थापन भत्ता, आणि जाण्यायेण्याचा खर्च. हा विषय २०२० च्या संहितेत विलीन झाला. पण चार दशकांत या चौकातून कर्नाटकाकडे गेलेल्या किती मुकादमांजवळ तो परवाना होता? किती कोयत्यांजवळ, म्हणजे किती नवराबायकोंच्या जोड्यांजवळ, ते पासबुक होते? उचल अजूनही तोंडी ठरते आणि फिटली नाही म्हणून माणसे डांबली जातात. पिस्तुलाच्या पुस्तिकेवर क्रमांक, छायाचित्र, क्षेत्र आणि मुदत सारे असते, आणि आता तर त्याची राष्ट्रीय नोंदवही संगणकावर आहे. माणसांच्या प्रवासाची नोंद मुकादमाच्या डायरीत.

त्यामुळे पक्षाने दोन कामे एकत्र हाती घ्यावीत. जिल्हाधिकाऱ्यांकडे माहितीच्या अधिकारात तालुकावार परवान्यांची संख्या, प्रत्येकाचे क्षेत्र, धोक्याचे दिलेले कारण आणि परवानाधारकांपैकी किती जणांवर गुन्हे नोंद आहेत, ही आकडेवारी मागावी. नावे मिळाली नाहीत तरी आकडे बोलतात. रद्द झालेल्या परवान्यांविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे अपिले होतात, त्यांचे निकाल काय लागतात यावरही नजर ठेवावी. आणि गळीत हंगामाच्या तोंडावर मांजरसुंब्याच्या चौकात आठ दिवस टेबल मांडून बसावे. कर्नाटकात जाणाऱ्या प्रत्येक टोळीची नावे, कारखान्याचे नाव, मुकादमाचे नाव, उचलीची रक्कम आणि लहान मुलांची संख्या एका वहीत उतरवावी. एक प्रत कामगार अधिकाऱ्याकडे, एक तिकडच्या साथींकडे. केज आणि पाटोद्याच्या शाखांनी त्यासाठी चार-चार कार्यकर्त्यांची नावे आजच्या बैठकीतच द्यावीत. पहिल्या गाड्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघतात.