कुंपणापलीकडची मांजरे
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मागच्या सभेत याच व्यासपीठावरून तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील १८०३ सालच्या मराठी शिलालेखावर एक विद्वत्तापूर्ण व्याख्यान झाले. त्या उंचीवरून आपणांस एकदम शेजारच्या कुंपणावर आणून बसविताना मला संकोच वाटतो. परंतु कार्यवाहांची अट अशी की, वाचलेले नको, अनुभवलेले सांगा. तीस वर्षे सरकारी टिप्पण्या लिहिण्यात घालविलेल्या माणसाने आपला अनुभव चाळून पाहिला, तेव्हा फायलींखेरीज सांगण्यासारखे असे मांजरांचेच एक प्रकरण निघाले.

मैलापुरात राहावयास आलो त्या पहिल्याच आठवड्यातील गोष्ट. घर जुने, तळमजल्याचे, कपालीश्वराच्या तळ्यापासून पायी दहा मिनिटांवर. मागील अंगास नारळाची दोन झाडे आणि एका खोलीएवढी मोकळी जमीन. इतक्या बदल्या झाल्या, परंतु पायाखाली आपली म्हणावी अशी माती, भाड्याची का होईना, प्रथमच मिळत होती. सकाळी मी आळे करीत असता शेजारच्या मामी कमरेइतक्या भिंतीपलीकडून हात हलवून म्हणाल्या, "पूनै, सार, पूनै!" मी आदराने उत्तर दिले, "नो, नो, पुणे नाही. सातारा." त्या पुन्हा म्हणाल्या, "पूनै." मी पुन्हा म्हणालो, "सातारा." या संभाषणात आम्ही किती काळ रमलो असतो कोण जाणे, पण मागे वळून पाहिले तो नुकत्याच भुसभुशीत केलेल्या आळ्यात एक पिवळट बोका मान ताठ करून, डोळे अर्धवट मिटून, आपला प्रातर्विधी उरकीत होता. तमिळमध्ये मांजराला पूनै म्हणतात, हा माझा त्या भाषेतील पहिला धडा.

मामींकडे चार मांजरे होती. पाळलेली म्हणावी तर ती कोणाची नव्हती. पण मागच्या ओट्यावर रोज दुपारी दहीभाताची थाळी पडे आणि त्या वेळी ती बरोबर हजर असत. दहीभात आवडीने खाणारी मांजरे मी प्रथम मैलापुरातच पाहिली. जेवण तिकडे आणि बाकीचे सर्व आमच्याकडे, अशी त्यांची वाटणी होती. दोष मांजरांचा नव्हे. मांजराला आपला मळ पुरावयाचा असतो आणि त्यासाठी कोरडी, मोकळी, उकरता येण्याजोगी माती हवी असते. मामींचे अंगण फरसबंद, पुढे कोलम, मागे धुण्याचा दगड. आजूबाजूच्या चार घरांत खणलेली जमीन काय ती आमची. मेथीसाठी मी जितक्या प्रेमाने वाफा चाळून ठेवावा, तितक्याच प्रेमाने तो स्वीकारला जाई.

मेथी उकरली गेली, ते मी सोसले. परंतु एके सकाळी तुळशीच्या कुंडीत तोच प्रकार आढळला आणि आमच्या घरात हा विषय बागकामातून निघून धर्मखात्यात गेला.

मग उपाय सुरू झाले. लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या फाटकाशी टांगल्याने जनावरे येत नाहीत, असा समज आपल्याकडे पुण्या-मुंबईपासून येथपर्यंत सर्वत्र आहे. मी सहा बाटल्या टांगल्या. त्यांच्या सावलीत बोका झोपू लागला. संत्र्यांच्या साली पसरल्या. मद्रासच्या उन्हात त्या दोन दिवसांत वाळून निर्गंध झाल्या. (आपण जुनी मंडळी; चेन्नई म्हणावयाचे लक्षात राहत नाही, क्षमा असावी.) ओल्या मातीत मांजर बसत नाही हे खरे, म्हणून संध्याकाळी वाफे भिजवू लागलो, पण २०१९ च्या उन्हाळ्यात शहराची चारही जलाशये आटलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मांजरांसाठी पाणी ओतण्याचे सुख फार दिवस लाभत नाही. पोत्यात घालून लांब सोडून देण्याचा सल्ला कचेरीतील एका स्नेह्याने दिला. तो मी घेतला नाही, पण सद्बुद्धीने नव्हे. मांजर परत येते आणि न आले तर त्याच्या मोकळ्या हद्दीत दुसरे येते, हे लहानपणी साताऱ्यास पाहिले होते म्हणून.

येथवर हसण्यासारखे होते. पुढचे सांगावयाचे की नाही, याचा मी बराच विचार केला.

त्या वर्षी मार्गशीर्षात आमची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी आली. कोणीतरी फोनवर सांगितले की, मांजराच्या विष्ठेतून गरोदर स्त्रीला रोग होतो व मूल दगावते. माझी झोप उडाली. ज्या अंगणात ती सकाळी फिरते, फुले काढते, तेथेच हे सर्व! दुसऱ्या दिवशी मी काळ्या फिनेलची मोठी बाटली आणली आणि वाफ्यांच्या कडेने, भिंतीच्या पायथ्याशी, आळ्यांभोवती मनसोक्त शिंपडली. त्या वेळी मामींच्या मांजरीला तीन पिल्ले होती, डोळे उघडून धावू लागलेली. तिसऱ्या दिवशी त्यांतील एक आमच्या भिंतीशी पडलेले सापडले. तोंडातून लाळ, अंगाला थरथर. मी ते टोपलीत घालून पशुवैद्याकडे नेले. त्यांनी पिल्लाचे पंजे हुंगले आणि फक्त एवढेच विचारले, "फिनेल कोणी टाकले?" मांजर सतत आपले पंजे चाटते, आणि फिनेलमधील फिनॉल जातीची द्रव्ये निरुपद्रवी करून टाकण्याची शक्ती त्याच्या यकृतात फार दुबळी असते; माणसाला किंवा कुत्र्याला पचेल त्याहून कितीतरी कमी मात्रा त्याला पुरते. पिल्लू संध्याकाळी गेले.

मांजरीने उरलेली दोन पिल्ले त्याच रात्री मानेला धरून एकेक करीत भिंतीपलीकडे मामींच्या माळ्यावर नेली. मांजर पिल्लांना सात घरे दाखविते असे आपल्याकडे म्हणतात. एरव्ही आमच्या सौभाग्यवती यावर माझ्या बदल्यांचा उल्लेख केल्याशिवाय राहिल्या नसत्या. त्या रात्री कोणी काही बोलले नाही.

मामींनी विचारले नाही. मी सांगितले नाही. भिंतीवरून होणारी सकाळची बोलणी मात्र थांबली. मी नेहमीप्रमाणे स्नान करीत होतो, स्तोत्रे म्हणत होतो, कचेरीला जात होतो. महाबलीपुरम् येथील सातव्या शतकातील त्या प्रचंड शिळेवर, जिला कोणी अर्जुनाचे तप म्हणतात तर कोणी गंगावतरण, खाली एका बाजूस हात उंचावून तप करणारे एक मांजर कोरले आहे आणि त्याच्या पायाशी उंदीर निर्धास्त आहेत. पाहुण्यांना घेऊन आपण सर्वांनीच ते दाखविले असेल. महाभारताच्या उद्योगपर्वातही दुर्योधन उलूकाकरवी युधिष्ठिराला अशाच ढोंगी मांजराची गोष्ट कळवितो. दरवेळी त्या शिल्पापाशी मी हसत असे. त्या पंधरवड्यात मला ते मांजर फार वेळा आठवले.

दरम्यान मुलीच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या भीतीचे निराकरण केले. हा रोग, टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म जंतूचा, खोटा नव्हे. गर्भाला त्यापासून धोका संभवतो हेही खरे. परंतु मांजर हे जंतू बहुधा पहिल्या लागणीनंतरचे थोडे आठवडेच बाहेर टाकते, आणि टाकलेले जंतू बाधक होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मळ रोजच्या रोज दुसऱ्या कोणी उचलावा, गरोदर बाईने मातीत हात घालताना हातमोजे घालावेत, भाजी नीट धुवावी, कच्चे-अर्धेकच्चे मांस टाळावे, एवढे पुरते. मांजरे हाकलण्याचा सल्ला त्यांनी दिला नाही. मी केलेला प्रकार आमच्या मुलीच्या रक्षणास आवश्यकच नव्हता, हे त्यावरून ठरले.

संक्रांत आली. इकडे तिळगूळ, तिकडे पोंगल, दिवस एकच. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही बरोबर चला." आम्ही दोघे तिळगूळ घेऊन मामींकडे गेलो. तिळगूळ देताना काय म्हणावयाचे असते हे त्यांना इंग्रजीत समजावून सांगण्याची पाळी माझ्यावर आली. आणि ते सांगून झाल्यावर मग दुसरे काही न सांगणे शक्य राहिले नाही. मी फिनेलचे सांगितले. मामी म्हणाल्या, "वास आला होता, सार. तुम्ही कधी सांगता याची वाट पाहत होते." मग त्यांनी आत जाऊन सक्करै पोंगलाची वाटी आणली आणि आधी मुलीच्या हातात दिली.

त्या दिवशी त्या पुष्कळ बोलल्या. त्या तेन्कलै अय्यंगार. श्रीवैष्णवांच्या दोन पंथांत ईश्वरकृपेविषयी जुना वाद आहे: वडकलै म्हणतात, माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरून ठेवते तसा भक्ताचाही काही प्रयत्न हवा, तेन्कलै म्हणतात, मांजराचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला उचलून नेते. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय ही नावे आपण पुस्तकात वाचतो. मामींकडे मार्जारन्याय माळ्यावर नांदत होता. त्या हे सांगत असता मांजरी आली आणि मला पाहून थांबली. मी उठून दाराबाहेर उभा राहिलो, तेव्हा ती आत गेली.

नंतर मामी आमच्या भिंतीशी आल्या आणि खुरपून ठेवलेल्या तणाच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पूनैवणंगी! सार, तुम्हीच बोलावता आणि तुम्हीच हाकलता." ढिगात गुडघ्याइतकी वाढणारी, दातेरी पानांची एक वनस्पती होती. येथे तिला सामान्यपणे कुप्पैमेनी म्हणतात. पूनैवणंगी हे तिचे दुसरे नाव, म्हणजे मांजर जिच्यापुढे वाकते ती. शास्त्रीय नाव ॲकॅलिफा इंडिका. आणि गंमत अशी की ही आपली खोकली! माझी आई खोकल्यावर तिचा रस देत असे. मराठी माणसाला तिच्यात खोकला दिसला, तमिळ माणसाला मांजर. युरोपात कॅटनिप नावाच्या झाडाने मांजरे वेडी होतात. तिकडच्या द्रव्यांसारखीच द्रव्ये खोकलीच्या मुळांत रसायनशास्त्रज्ञांना आढळली आहेत. झाड जमिनीत असेतो फारसे काही नाही. उपटून मुळे उघडी पडली की मांजर ती चघळते, त्यावर लोळते. ईशान्य मोसमी पावसानंतर ही तणे माजतात आणि मी दर रविवारी ती उपटून वाफ्याच्याच कडेला सुकत टाकीत असे.

त्यानंतर आमची बाग कशी सावरली, ते थोडक्यात सांगतो. उपटलेले तण त्याच दिवशी बाहेर जाते. मेथीचे बी पेरले की वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी आडवी अंथरतो. रोपे तिच्यातून वर येतात, पंजा खाली जात नाही. आळ्यांत नारळाची सोडणे उभी रोवली. मैलापुरात त्यांचा तुटवडा नाही. तुळशीच्या कुंडीत वाटोळे गोटे रचले आहेत. आणि मुख्य म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यात, नारळाखाली, तीन घमेली कोरडी वाळू टाकून दिली. दोन दिवसांत चारही मांजरांनी ती मान्य केली. रोज सकाळी छोट्या फावड्याने ती साफ करण्याचे काम माझे. ज्यांना यात कमीपणा वाटेल त्यांनी तुळशीची कुंडी धुऊन पाहावी.

वाळूने मांजरांची संख्या मात्र कमी होत नाही. मांजरीचे पोट नऊ आठवड्यांत मोकळे होते आणि वर्षातून दोन-तीनदा हे घडू शकते. मांजरीची शस्त्रक्रिया करून घेण्यास मामींचे मन वळविणे सोपे नव्हते. ते काम आमच्या सौभाग्यवतींनी केले आणि खर्च दोन घरांत निम्मा-निम्मा वाटला.

सरकारी नोकर आहे, म्हणून कायद्याचे दोन शब्द. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम आहे आणि जाणूनबुजून अपायकारक द्रव्य देणे हा त्याखाली गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला विष घालण्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. आपणां मद्रासवासीयांस हे अधिक जवळचे वाटावे, कारण त्या १९६० च्या कायद्यामागचा आग्रह येथलाच. कलाक्षेत्राच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ साली राज्यसभेवर नियुक्त झाल्या, त्यांनी खाजगी विधेयक आणले आणि सरकार स्वतः कायदा करील असे आश्वासन पंडित नेहरूंनी दिल्यावर ते मागे घेतले. १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. त्या मंडळाचे मुख्य कार्यालय कित्येक वर्षे याच शहरात होते. २०१८ साली त्याची हरियाणात बदली झाली. केंद्र सरकारचेच ते. बदली कोणाला चुकली आहे?

मुलगी फाल्गुनात बाळंत झाली. मुलगा आणि आई सुखरूप आहेत. बारशाला मामी आल्या होत्या आणि मांजरीही दारापर्यंत आली होती. अजूनही ती माझ्या हातून काही खात नाही.

या वर्षी नारळाखाली, वाळूच्या पलीकडे, अळू लावले आहे आणि ते उत्तम माजले आहे. गणेशोत्सवात वड्यांसाठी ज्या भगिनींना पाने हवी असतील त्यांनी अवश्य यावे, कंदही देईन. अळूला मांजरांनी अद्याप तोंड लावलेले नाही. येताना फाटक लावून घेण्याची तसदी घेऊ नये. ते आता थोडे उघडेच असते.